स्पार्क मशीन सारखं वर-खाली का करतं, आणि त्या वेळेचे पैसे आपण का द्यायचे?

भोसरी, चाकण, चिंचवड भागात कुणी पहिल्यांदाच मोल्ड (प्लास्टिकचे पार्ट काढायचा स्टीलचा साचा) करून घेत असेल तर कोटेशनमधली एक ओळ त्याला हमखास खुपते, ती म्हणजे स्पार्किंगचे तास. व्हीएमसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनचं, समजतं हो, कटर फिरतो, चिप्स उडतात, काम होताना डोळ्यांना दिसतं. स्पार्किंगचं तसं नाही. टूल रूममधे जाऊन बघावं तर एक तांब्याचा ठोकळा काळपट तेलात बुडलेला, खालून बुडबुडे येतायत, आणि दर थोड्या वेळाने तो ठोकळा झटकन वर येतो नि परत खाली जातो. बघणाऱ्याला वाटतं की अर्धा वेळ तर मशीन नुसतं नाचतंय. गवळी माथ्याजवळच्या एका छोट्या टूल रूममधे एका कस्टमरने माझ्यासमोरच ऑपरेटरला विचारलं होतं, "दादा, हे सारखं वर कशाला येतंय? खालीच ठेवा की, पटकन होईल." दादांनी मीटरवरची नजर न काढता सांगितलं, "खालीच ठेवलं तर होणारच नाही साहेब. कचरा निघणार कुठून?"

एवढ्या एका वाक्यात सगळं आलं खरं, पण ज्याने हे मशीन कधी जवळून बघितलं नाही त्याला त्यातून काहीच कळणार नाही, म्हणून हा लेख. माझं म्हणणं एवढंच आहे की या मशीनमधे धातू तोडणं सोपं आहे, तुटलेला धातू बाहेर काढणं अवघड आहे, आणि आपण पैसे मोजतो ते बरेचसे या दुसऱ्या कामाचे.

आधी मशीन करतं काय ते बघू

याचं मोठं नाव इलेक्ट्रिक डिस्चार्ज मशिनिंग, ईडीएम. आपल्याकडे सगळे स्पार्क मशीनच म्हणतात. पुण्यातच इलेक्ट्रॉनिका कंपनी ही मशीन बनवते त्यामुळे इथल्या टूल रूमला त्याचं नवल नाही.

ज्या आकाराचा खड्डा स्टीलमधे हवा त्याच आकाराचं, थोडंसं लहान, तांब्याचं किंवा ग्रॅफाइटचं टूल करायचं, त्याला इलेक्ट्रोड म्हणतात. जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो स्टीलचा तुकडा, तेलाच्या टाकीत बुडवायचा, इलेक्ट्रोड त्याच्या अगदी जवळ न्यायचा पण टेकवायचा नाही, आणि दोघांमधे वीज सोडायची. मधलं अंतर साधारण ०.०२ ते ०.१ मिमी, म्हणजे बऱ्याच वेळा केसाच्या जाडीपेक्षाही कमी. याला गॅप म्हणतात, आणि पुढची सगळी गोष्ट या गॅपमधेच घडते. गॅपमधल्या तेलातून वीज सहजी जात नाही पण तेलाची सहनशक्ती संपली की ते एका जागी हार मानतं आणि ठिणगी पडते. ठिणगीचं तापमान ८ ते १२ हजार अंश सेल्सिअसच्या घरात, त्याखालचा स्टीलचा कण वितळतो, थोडा वाफ होतो, उडतो. परत ठिणगी, परत कण. समजा ठिणगी १०० मायक्रोसेकंद (एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) चालली आणि नंतर ५० मायक्रोसेकंद बंद ठेवली तर सेकंदाला साडेसहा हजारांच्या वर ठिणग्या झाल्या.

स्टील किती कडक आहे याच्याशी ठिणगीला काही देणंघेणं नाही, वीज वाहिली म्हणजे झालं. म्हणून जॉबमधे तुटून अडकलेला टॅप (आटे पाडायचं हत्यार) काढायलाही हेच मशीन लागतं. टॅपचा मधला गाभा खाऊन टाकायचा, मग कडेचे तुकडे आपोआप सुटतात, आणि जॉबच्या आट्यांना धक्का लागत नाही.

हा शोध तसा अपघातानेच लागला. ठिणग्यांनी वस्तूवर खड्डे पडतात हे इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टलीने अठराव्या शतकातच नोंदवलं होतं. पण १९४३ मधे सोव्हिएत रशियात बोरिस आणि नतालिया लाझारेन्को हे दाम्पत्य स्विचचे टंगस्टनचे पॉइंट ठिणग्यांनी झिजू नयेत म्हणून काय करता येईल ते शोधत होतं, त्यासाठी त्यांनी पॉइंट तेलात बुडवून बघितले, झीज काही थांबली नाही पण तेलात ठिणग्या जास्त एकसारख्या पडतात असं दिसलं, मग त्यांनी विचारच उलटा केला की झीज थांबत नाही तर ती कामालाच लावू.

एका ठिणगीनंतर मागे काय उरतं

ठिणगी पडते तिथलं तेल क्षणात वाफ होतं आणि वायूचा बुडबुडा तयार होतो. वीज बंद झाली की तो बुडबुडा कोसळतो आणि वितळलेल्या स्टीलचा थेंब खड्ड्यातून बाहेर फेकला जातो. सगळा नाही हं, बराचसा तिथेच परत गोठतो, त्यालाच रिकास्ट लेयर म्हणतात, पॉलिशवाल्याला नंतर जो कडक थर घासताना नाकी नऊ येतात तो हाच. जो थेंब बाहेर पडला तो आजूबाजूच्या तेलात गार होऊन त्याची गोळी होते. स्पार्क मशीनचा गाळ मायक्रोस्कोपखाली बघितला तर बारीक बारीक गोल मणी दिसतात, काही आतून पोकळ. सोबत जळलेल्या तेलाचा कार्बन, म्हणजे ती काळी काजळी, आणि हायड्रोजन, मिथेनसारखे वायू.

आता गणित बघा. गॅप समजा ५० मायक्रॉन, म्हणजे ०.०५ मिमी, आणि त्यात २०-३० मायक्रॉनची गोळी येऊन बसली. गॅप निम्मा भरला की! सेकंदाला हजारो ठिणग्या आणि प्रत्येकीचा थोडाथोडा माल, तो सगळा या एवढ्याशा फटीतून बाहेर पडायला हवा.

नाही निघाला तर?

घरी भजी तळताना पिठाचे बारीक कण कढईत राहतात ते झाऱ्याने काढले नाहीत तर जळून काळे होतात, पुढच्या घाण्याला चिकटतात आणि तेलही लवकर खराब होतं, इथे तसंच होतं, फक्त इथे कण विजेची वाट पण बदलतात. ठिणगीला सगळ्यात सोपी जागा हवी असते. एका कोपऱ्यात गोळ्या साठल्या की तिथे मधलं अंतर सगळ्यात कमी, म्हणून पुढची ठिणगी तिथेच, मग अजून कचरा, परत ठिणगी तिथेच. ठिणग्या पूर्ण पृष्ठभागावर फिरायच्या सोडून एका जागी खिळून बसतात आणि मधे तेल सावरायला वेळच मिळत नाही. याला आर्किंग म्हणतात.

आर्किंग सुरू झालं की जुन्या ऑपरेटरला बघायच्या आधी ऐकू येतं. चांगलं काम चालू असताना एकसारखा बारीक चरचर आवाज येत असतो, बुडबुडे सगळीकडून येतात, मीटरचा काटा थोडासाच हलतो. आर्किंगला आवाज दबका होतो, मधेच खट्ट वाजतं, काटा पडतो, आणि एकाच जागेवरून पांढरट धूर वर यायला लागतो. मशीन थांबवून इलेक्ट्रोड वर घेऊन चिंधीने पुसला की त्यावर एक काळा ठिपका दिसतो, नखाने खरवडला तर खाली फोडासारखा उंचवटा लागतो, आणि जॉबवर बरोबर त्याच्या समोर खड्डा. इलेक्ट्रोड घासून परत वापरता येतो. जॉबवरचा खड्डा फायनल साईजच्या खाली गेला असेल तर मात्र वेल्डिंग करून परत मशिनिंग, आणि लॅम्पच्या लेन्सचा मोल्ड असला तर वेल्डिंगचा डाग पार्टवर दिसतो, म्हणजे मग नवीन इन्सर्टच (मोल्डमधे सुटा बसवायचा तुकडा). नाचण्यात घालवलेला वेळ इथे एका मिनिटात वसूल होतो.

दुसरा त्रास इतका उठून दिसत नाही. घाण तेल इलेक्ट्रोडच्या कडेने वर जाताना भिंतीशी पण ठिणग्या पडत राहतात, ज्या आपल्याला नको असतात. मग खड्डा वर रुंद आणि खाली अरुंद होतो, याला टेपर म्हणतात, आणि फिटर म्हणतो कोअर (मोल्डचा आत बसणारा भाग) बसत नाहीये.

ठिणगी एवढी गरम, मग इलेक्ट्रोड का वितळत नाही?

हा प्रश्न सगळे विचारतात आणि विचारायलाच हवा, कारण तांबं १०८५ अंशाला वितळतं आणि स्टीलला चौदाशे-पंधराशे लागतात, म्हणजे खरं तर आधी तांबंच संपायला हवं.

संपत नाही याची तीन कारणं. एक, तांब्यातून उष्णता टूल स्टीलच्या दहापटीहून जास्त वेगाने पळते, ठिणगीखालची जागा वितळायच्या आत उष्णता मागच्या ठोकळ्यात निघून जाते. ग्रॅफाइटचं वेगळंच, ते वितळतच नाही, साडेतीन हजार अंशांच्या पुढे थेट वायू होतं. दोन, रफिंगला, म्हणजे सुरुवातीला भराभर धातू काढताना, इलेक्ट्रोड पॉझिटिव्ह आणि जॉब निगेटिव्ह ठेवतात आणि एकेक ठिणगी जास्त वेळ चालू ठेवतात, अशा ठिणगीत जास्त मार निगेटिव्ह बाजूला म्हणजे जॉबला बसतो. तीन, आणि हे मला सगळ्यात भारी वाटतं, तेल जळून जो कार्बन होतो त्याचा पातळ थर इलेक्ट्रोडवर बसतो आणि तोच त्याला वाचवतो. म्हणजे ज्या काजळीला आपण कचरा म्हणतोय तिचाच थोडा भाग टूलचं कवच होतो. हे सगळं जमलं तर रफिंगला इलेक्ट्रोडची झीज एक टक्क्याच्या आत पण ठेवता येते.

पण यात एक गृहीत धरलंय, की ठोकळ्यात गेलेली उष्णता पुढे कुठेतरी जातेय. ती नेतं तेल. ठोकळा मोठा असेल तर फार चिंता नाही. रिबचा (पार्टला मजबुती देणाऱ्या पातळ पट्टीचा) इलेक्ट्रोड मात्र एक मिमी जाड आणि ४० मिमी लांब असतो, बंपर किंवा डॅशबोर्डच्या मोल्डमधे असे ढीगभर लागतात, त्याच्या टोकाची उष्णता मागे जायला वाट अरुंद आणि भोवतीचं तेल अडकलेलं, गरम, घाण. मग टोकाचे कोपरे गोल होतात, पातळ तांबं गरम होऊन वाकतं, आणि रिब तिरकी जाते. कचरा काढणं आणि टूल गार ठेवणं ही दोन वेगळी कामं वाटतात पण दोन्ही करणारं तेल एकच आहे, ते हललं नाही की दोन्ही एकदम बिघडतात. हे तेल गॅपमधून वाहतं ठेवणं म्हणजे फ्लशिंग.

मग पंपाचं प्रेशर वाढवा की!

इथेच नवीन माणूस फसतो. साध्या स्पार्किंगला इलेक्ट्रोडमधून सोडायचं प्रेशर साधारण ३ ते ५ पीएसआय असतं. कारच्या टायरमधे ३२ च्या आसपास भरतो, म्हणजे हे काहीच नाही. वाढवलं तर काय होतं, तर तो कार्बनचा कवचवाला थर टिकत नाही आणि इलेक्ट्रोड जास्त झिजतो, पातळ इलेक्ट्रोड थरथरतो, आणि तेल इतकं जोरात जातं की ठिणगी जमायलाच त्रास होतो.

आणि प्रेशरपेक्षा दिशा महत्त्वाची. बऱ्याच ठिकाणी बघितलंय की जॉबच्या दोन्ही बाजूंनी समोरासमोर दोन नोझल लावलेले असतात, भरपूर तेल उडतंय, बघायला छान. पण दोन्ही प्रवाह मधे येऊन भिडतात आणि बरोबर तिथेच तेल थांबतं, कचरा तिथेच गोळा होतो. त्यापेक्षा एकाच बाजूने मारा, दुसरी बाजू बाहेर जायला मोकळी सोडा. तेल आत जाण्याइतकीच त्याची बाहेर जायची वाट ठरलेली असायला हवी.

शक्य असेल तर इलेक्ट्रोडमधेच भोक पाडून त्यातून तेल सोडतात, हे सगळ्यात पोचतं. तोटा असा की भोकाच्या समोर स्टील शिल्लक राहतं आणि खड्ड्याच्या तळाला एक बारीक खुंटी उभी राहते, ती नंतर काढावी लागते. शिवाय घाण तेल कडेने वर येत असल्याने वर म्हटलेला टेपर येतो. तो नको असेल तर उलटं करायचं, भोकातून तेल ओढून घ्यायचं, मग टाकीतलं स्वच्छ तेल कडेने आत येतं आणि घाण मधून निघून जातं, भिंती सरळ येतात. मात्र ओढताना आत वायू साठणार नाही हे बघावं लागतं, साठला आणि पेटला तर फट्ट करून इलेक्ट्रोड जागचा हलतो.

आता ते नाचणं

रिबच्या इलेक्ट्रोडला भोक पाडायला जागाच नसते, बाहेरून मारलेलं तेल ४० मिमी खोल फटीत पोचत नाही. मग एकच उपाय उरतो, इलेक्ट्रोडलाच पंप करायचं. तो झटकन वर उचलला की खाली जागा होते आणि बाहेरचं ताजं तेल आत ओढलं जातं, खाली आला की आतलं गरम काळं तेल गोळ्यांसकट कडेने बाहेर ढकललं जातं. याला जंप म्हणतात. कस्टमरला नाचणं वाटतं ते हे. खोली वाढत जाते तशी उडी उंच लागते, नाहीतर तेच घाण तेल आतल्या आत वर-खाली होतं आणि बाहेर काहीच पडत नाही. म्हणून शेवटचे ५ मिमी पहिल्या १० पेक्षा जास्त वेळ घेतात, कुणी मुद्दाम रेंगाळत नसतं.

नवीन लिनिअर मोटरवाल्या महाग मशीनमधे हीच उडी मिनिटाला ३० मीटरपेक्षा जास्त वेगाने मारतात, त्यामुळे वेळ कमी जातो आणि तेलाला झटकाही जोरात बसतो. जास्तीच्या किमतीतला बराच भाग ठिणगीसाठी नाही तर उडीसाठी आहे असं मी म्हणेन. ठिणगी जुन्या मशीनची पण चांगलीच असते.

तेल रोज नवं घातलं तर?

गंमत म्हणजे एकदम स्वच्छ तेलात ठिणगी नीट जमत नाही. चकचकीत इलेक्ट्रोड, ताजं तेल, तर पहिला काही वेळ मशीन अडखळतं, थोडे कण झाले की मग लय लागते, कारण मोजके कण वीज जायला मदत करतात. आरशासारखं फिनिश हवं असेल तेव्हा तर काही मशीनमधे तेलात मुद्दाम सिलिकॉनसारखी बारीक पूड मिसळतात, त्यामुळे ठिणग्या पसरून पडतात. म्हणजे कचरा शून्य नकोय, सगळीकडे सारखा आणि थोडा हवाय. बाकी कागदी फिल्टर वेळेवर बदलणं आणि तेल गरम होत असेल तर चिलर लावणं एवढं केलं तरी पुष्कळ, आणि नेमकं तिथेच पैसे वाचवले जातात.

तेलाऐवजी पाणी?

वापरतात की. वायरकटमधे, म्हणजे बारीक वायरने ठिणग्या पाडत जॉब कापणाऱ्या मशीनमधे, पाणीच असतं, फक्त नळाचं नाही, क्षार काढलेलं. पाणी पातळ, उष्णता भराभर नेतं, पण त्यात तेलासारखा कार्बन नाही म्हणजे इलेक्ट्रोडला कवच नाही. वायरकटला त्याने फरक पडत नाही कारण ०.२५ मिमीची पितळी वायर सतत पुढे सरकत असते, झिजली तर झिजली, लगेच नवी येते. तिथे प्रश्न वेगळा, वायर इतकी बारीक की पाणी एक क्षण जरी नीट पोचलं नाही तरी ती तापून तुटते. पायऱ्या असलेला जॉब असला की नोझल जॉबला जवळ नेता येत नाही, पाणी बाजूला उडून जातं आणि वायर तुटतच राहते, अशा वेळी ऑपरेटर स्पीड कमी करतो.

बारीक खोल भोकं पाडायच्या ईडीएम ड्रिलमधे तर पितळेची किंवा तांब्याची पोकळ नळी गरागरा फिरवतात आणि तिच्यातून ५० ते १०० बार (एक बार म्हणजे साधारण साडेचौदा पीएसआय) प्रेशरने पाणी सोडतात. इथे प्रेशर चालतं कारण नळी गाईडमधून धरलेली असते आणि तिच्या झिजेची कुणाला पर्वा नसते, कधी कधी जेवढं भोक तेवढीच नळी संपते. विमानाच्या इंजिनाच्या ब्लेडमधली हवेची बारीक भोकं अशीच पाडतात.

तेलात ठिणगी म्हणजे आग नाही लागणार?

लागू शकते, आणि लागते ती बहुतेक हलगर्जीपणाने. ठिणगी तेलाच्या खोल खाली असेल तर आग धरायला तिथे हवाच नाही, आणि वर येणारे वायूचे बुडबुडे वाटेत गार होतात. म्हणून जॉबच्या वर निदान ४०-५० मिमी तेल हवंच. घाईत टाकी अर्धीच भरून, वरून पाईपने तेल मारत स्पार्किंग करणारे महाभाग आहेत, ठिणगी उघडी पडली आणि तेल तापलेलं असलं की संपलं. फ्लोट स्विच आणि तापमानाचा स्विच मशीनला त्यासाठीच असतो, तो तार जोडून बायपास केलेला दिसला तर त्या शॉपला काम देऊ नका. पूर्वी सर्रास रॉकेल वापरायचे, ते चाळीसेक अंशाला पण पेट घेण्याजोगी वाफ सोडतं. ईडीएमसाठी बनवलेली बरीच तेलं शंभर अंशांच्या आसपास किंवा पुढे जातात, वासही कमी. तरी धूर ओढणारा पंखा हवाच, दिवसभर तिथे उभा राहणारा माणूस आहे.

आणि तो काळा गाळ शेवटी जातो कुठे?

गॅपमधून टाकीत, टाकीतून फिल्टरमधे, आणि फिल्टर भरला की, इथे बरेच जण गप्प बसतात. वापरलेलं तेल २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत येतं, ते आणि तेलाने माखलेले फिल्टर ओढ्यात किंवा कचऱ्याच्या गाडीत टाकायची वस्तू नाही. आपल्या भागात रांजणगावला असा कचरा घेणारी सोय आहे. इंद्रायणीवर फेस आला की पेपरात फोटो येतो आणि सगळे हळहळतात. त्या फेसात स्पार्क मशीनचा वाटा किती हा वाद घालायचाच नाही, आपला ड्रम कुठे जातो एवढं विचारलं तरी चालेल.

बिल कमी करायचं असेल तर

ऑपरेटरच्या मागे लागून नाही होणार, ड्रॉइंग करतानाच करावं लागतं. रिबला अर्धा-एक अंशाचा ड्राफ्ट (भिंतीचा उतार) जास्त देता येत असेल तर द्या, तेलाला बाहेर यायला जागा मिळते. रिब खूप खोल असेल तर तिथे वेगळा इन्सर्ट करता येतो का विचारा, मग ती बाजूने मिलिंग किंवा ग्राइंडिंगने होईल आणि स्पार्किंगच लागणार नाही. खड्ड्याच्या तळाला इजेक्टर पिनचं (तयार पार्ट बाहेर ढकलणाऱ्या पिनचं) भोक येणारच असेल तर ते आधी पाडून घ्यायला सांगा, तेच भोक फ्लशिंगला वापरता येतं आणि खुंटीचा प्रश्नही उरत नाही. कुठे खूण राहिली तर चालेल आणि कुठे अजिबात नाही हे टूल रूमला आधीच लिहून द्या, म्हणजे इलेक्ट्रोडमधे भोक कुठे घ्यायचं ते त्यांना ठरवता येईल. आणि हे सगळं विचारायला फोन करायचा तर गुरुवारी नको, त्या दिवशी एमआयडीसीला सुट्टी असते, कुणी उचलणार नाही.